जाणत्या कानाची परीक्षा

पैनगंगा देऊळघाटावरून पुढें मेहकराकडे वाहत जाते. त्या मेहकर गांवीं वकिली करतां करतां कविता लिहिणारे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३२ च्या सुमारास 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या तबकडीवर उतरली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ याच तबकडीपासून मानण्याचा प्रघात आहे. ती गाणारे जी. एन. जोशी हेहि विदर्भांतलेच. कायद्याचें शिक्षण घेऊन वकिलीच्या वाटेस लागलेले. कवि आणि गायक दोघेहि १९०९ सालीं जन्मलेले, म्हणजे त्या वेळीं उणेपुरे तेवीस वर्षांचे. देऊळघाटासारख्या गांवीं त्या काळीं गाणें ऐकूं येई तें भजनी मंडळाच्या टाळांबरोबर, हरिदासाच्या कीर्तनांत, नाहीं तर जत्रेंतल्या फडावर. आपल्याच जिल्ह्यांतल्या माणसाचे शब्द काळ्या तबकडीवर चढून मुंबईहून परत येतात, हा अनुभव सर्वस्वीं नवा होता.

जोशी पुढें वकिलींत रमले नाहींत. १९३८ मध्यें ते त्याच कंपनीच्या नोकरींत शिरले आणि सुमारें तीन दशकें मुंबईस ध्वनिमुद्रणाचें काम पाहत राहिले. ज्यांच्या गळ्याची पारख एकदां दुसऱ्यांनीं केली होती, ते आतां स्वतः पारख करणाराच्या आसनावर बसले. १९६७ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं एका काश्मिरी वाद्यास तबकडीचा सबंध विस्तार दिला. शास्त्रीय संगीताच्या पंक्तींत त्या वाद्यास तोंवर धड पाट मिळाला नव्हता. तबकडीचें नांव 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे खोऱ्याची साद. हिंदुस्थानी वाद्यसंगीताच्या ज्या तबकड्या देशांत व परदेशांत सर्वांत अधिक ऐकल्या गेल्या त्यांत तिची गणना होते. धंद्यांत मुरलेल्या, हजारों गळे ऐकून ज्याचे कान तयार झाले आहेत अशा माणसाला नवें असें कांहीं ऐकूं येतें तरी कसें, हा प्रश्न दिसतो त्याहून बराच अवघड आहे.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत ही एक असामी अशी असते कीं, तिचें नांव तबकडीवर बहुधा नसतें. गायकाचें नांव असतें, रागाचें असतें, कंपनीच्या कुत्र्याचें चित्रहि असतें. परंतु कोणास बोलवावें, त्याच्याकडून कोणती चीज घ्यावी, ती किती वेळांत बसवावी, कोणतें मुद्रण ठेवावें आणि कोणतें मोडून टाकावें, हें सारें ठरविणारा मनुष्य पडद्याआड राहतो. त्याच्या होकाराचें मोल पुढच्या पिढीला कळतें. नकाराचें तर कळतहि नाहीं, कारण नकारानंतर मागें कांहींच उरत नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. ध्वनिमुद्रणाचें यंत्र हिंदुस्थानांत येऊन तेव्हां वीस वर्षें झालीं होतीं. तरी बुवांच्या गाण्याची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाहि स्वर कोणत्या तबकडींत सांपडत नाहीं. जे गेले ते शिष्यांच्या गळ्यांतून जेवढे उरले तेवढेच उरले. कित्येक बुजुर्ग यंत्रापुढें गावयास तयारच नसत हें खरें. पण त्यांना तयार करणें हेंहि याच पडद्याआडच्या माणसाचें काम होतें. जोशी यांनीं आपल्या 'स्वरगंगेच्या तीरीं' या आठवणींत अशा मनधरणीच्या हकिकती दिल्या आहेत, त्या वाचण्यासारख्या आहेत.

यंत्राची थोडी माहिती येथें दिली पाहिजे, कारण कानाची परीक्षा यंत्राच्या मर्यादेंतच होत असे. १९२५ पूर्वीं ध्वनिमुद्रणास विजेचें साहाय्य नव्हतें. गायकानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं आपलें तोंड नेऊन मोठ्यानें गावयाचें. कर्ण्याच्या निमुळत्या टोकास एक पातळ पडदा, पडद्यास जोडलेली सुई, आणि सुईखालीं फिरणारी मेणाची जाड तबकडी. आवाजाच्या लाटेनें पडदा कांपे, त्याबरोबर सुई डोले, आणि मेणांत नागमोडी चर उमटत जाई. त्या मेणावरून धातूचा ठसा घेत व ठशावरून तबकड्या छापीत. छापावयाचा लगदा लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा असे. लाख हिंदुस्थानच्याच जंगलांतली. ती सातासमुद्रांपार जाऊन गाणें होऊन परत येई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत आलाप, अस्थाई, अंतरा, ताना आणि शेवट सगळें उरकावयाचें. मैफलींत दीड तास राग आळविणाऱ्या गवयाला ही सक्ति म्हणजे हत्तीनें मोरींतून जाण्यासारखीच वाटत असली पाहिजे.

हें यंत्र घेऊन हिंदुस्थानांत प्रथम आला तो फ्रेड गायसबर्ग. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा हा माणूस जन्मानें अमेरिकन. लहानपणापासून याच धंद्यांत वाढलेला. १९०२ च्या एप्रिल महिन्यांत त्यानें मिलान शहरीं एन्रीको कारूसो या इटालियन गायकाचा आवाज मेणावर घेतला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो कलकत्त्यास गौहरजान हिच्यासमोर कर्णा मांडून बसला. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. पुष्कळांना तो ठसक्याचा प्रकार वाटतो. खरें कारण निराळें होतें. मेणाच्या तबकड्या जर्मनींतल्या हॅनोव्हर येथील कारखान्यांत जात. तेथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हें कळावें म्हणून ती खूण असे. कलकत्त्याच्या इंग्रज रहिवाशांना देशी संगीताची कांहींच माहिती नव्हती, जणूं ते दुसऱ्या ग्रहावर राहत होते, असा शेरा गायसबर्गनें पुढें आपल्या आठवणींत मारला आहे.

परंतु तोच गायसबर्ग १९०३ च्या आरंभीं टोकियोस पोंचला तेव्हां त्याची स्वतःची गति फारशी निराळी झाली नाहीं. तेथें त्याला वाटाड्या मिळाला तो कैराकुतेइ ब्लॅक, ऑस्ट्रेलियांत जन्मलेला आणि जपानी भाषेंत गोष्टी सांगून पोट भरणारा कथेकरी. त्याच्या मदतीनें राजदरबाराचे वादक, शामिसेन व कोतो वाजविणारे, कथेकरी अशा सर्वांना कर्ण्यासमोर आणण्यांत आलें आणि थोड्या आठवड्यांत पावणेतीनशेंच्या आसपास मुद्रणें झालीं. गायसबर्गनें आपल्या रोजनिशींत जपानी संगीत ऐकवत नाहीं असें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. मात्र त्याच नोंदींत तो पुढें म्हणतो कीं, जपानांत बरींच वर्षें राहिलेले युरोपियन लोक या संगीताचा आनंद घेतात आणि वरवर पाहणाराला दिसतें त्याहून त्यांत अधिक आहे असें सांगतात. नावड लिहिली आणि नावडीबरोबर शंकाहि लिहिली, ही गोष्ट त्या माणसाच्या बाजूनें मोठी आहे. कानाला न रुचलेलें संगीत त्यानें मेणावर मात्र चोख घेतलें. आज जपानी संगीताच्या अगदीं आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तीं मोडतात.

परकी माणसाचा कान बहिरा असला तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. त्याला समजत नाहीं हें तो जाणतो, म्हणून निवड तो स्थानिकांवर सोंपवितो. खरी अडचण घरच्या जाणत्याची आहे. त्याला सगळें समजतें. अमुक वाद्य लग्नांत वाजतें, अमुक देवळांत, अमुक सिनेमांत आणि अमुक मैफलींत, ही वर्गवारी त्याच्या रक्तांत भिनलेली असते. एखादें वाद्य आपली पायरी सोडून वर चढूं लागलें कीं त्याचा कान तें ऐकण्यापूर्वींच त्याची जात विचारतो. गायसबर्गपेक्षां मुंबईच्या अधिकाऱ्याची कसोटी म्हणूनच कठीण होती.

जोशी कंपनींत आले तो काळ तीन मिनिटांच्या तबकडीचाच होता. फरक एवढाच कीं कर्ण्याच्या जागीं विजेचा मायक्रोफोन आला होता आणि गायकाला ओरडण्याची गरज उरली नव्हती. पुढें १९४८ मध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी बाजारांत आणली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळूं लागला. पाश्चात्यांना तिचा उपयोग सिंफनीसाठीं. आपल्याकडे ती जणूं ख्यालासाठींच जन्मली होती. १९६० सालीं अमीरखाँ यांच्या मारवा आणि दरबारी या दोन रागांची तबकडी निघाली. एका बाजूस एक राग, संथ बढतीनें, घाई न करतां. अमीरखाँ म्हणजे विलंबिताचे स्वामी. त्यांचें गाणें तीन मिनिटांत कोंबणें हें त्यांच्या गाण्याचें हाड मोडणेंच झालें असतें. ती तबकडी आजहि विद्यार्थी पाठ्यपुस्तकासारखी ऐकतात.

आतां संतूर. काश्मीरच्या खोऱ्यांत सूफियाना मौसीकी या गंभीर गायनप्रकाराला साथ करणारें हें जुनें वाद्य. अक्रोडाच्या लांकडाची, एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद अशी पेटी; तिच्यावर घोड्यांच्या दोन ओळी; एकेका घोडीवरून ताणलेल्या कांहीं तारा, मिळून शंभराच्या घरांत. दोन हलक्या लांकडी कलमांनीं या तारांवर आघात करावयाचा. जम्मूचे गायक उमादत्त शर्मा यांनीं हें वाद्य आपल्या मुलाच्या हातीं दिलें आणि त्यावर शास्त्रीय संगीत वाजवावयाचें असा निश्चय केला. तो मुलगा म्हणजे १९३८ सालीं जन्मलेले शिवकुमार शर्मा.

अडचण कोठें होती तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण टीका करणारे लोक अडाणी नव्हते. आपल्या रागसंगीताचा जीव मींडेंत आहे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातांना मधली सबंध वाट गळ्यानें दाखवावी लागते. सतारियाला तार ओढून ती दाखवितां येते, सारंगियाला नखानें, बांसरीवाल्याला बोटाच्या पेरानें. संतुराच्या तारेवर कलम पडलें, स्वर निघाला, कीं वाजविणाराच्या हातून तो सुटला. पुढें तो आपोआप मंद होत विझतो. पायऱ्या आहेत, उतार नाहीं. अशा वाद्यावर दरबारीचा आंदोलित गंधार कसा वाजावा? शिवकुमारांनीं तारांची मांडणी आणि जुळणी बदलली, लांकडी बैठकीवर ठेवावयाचें वाद्य मांडीवर घेतलें म्हणजे नको असलेला घुमारा कमी झाला, आणि कलम तारेवर आपटण्याऐवजीं हलकेंच घसरवीत नेऊन स्वर लांबविण्याची युक्ति बसविली. १९५५ सालीं मुंबईच्या एका संमेलनांत सतरा वर्षांच्या या मुलाचें वादन झालें. श्रोते खूष झाले आणि पंडितांनीं माना हलविल्या. त्याच वर्षीं व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतांत त्यांचें संतूर वाजलें. सिनेमाच्या वादकांत त्यास चटकन् जागा मिळाली, आणि तेंच मैफलीच्या दाराशीं आडवें आलें.

१९६७ च्या तबकडींत शिवकुमारांबरोबर दोघे होते. अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया यांनीं पहिलवान बापाच्या घरीं जन्मून बांसरी धरली आणि कटकच्या आकाशवाणी केंद्रांत नोकरी करून ते मुंबईस आले. बांसरीस पन्नालाल घोष यांनीं मैफलींत मान मिळवून दिला होता, परंतु ते १९६० सालींच निवर्तले होते. तिसरे ब्रिजभूषण काब्रा जोधपूरचे, सरोदिये अली अकबरखाँ यांचे शिष्य. त्यांच्या हातांत होती ती हवाई बेटांकडची, तारांवर कांब फिरवून वाजवावयाची गिटार; लोकांच्या डोक्यांत तिचें नातें सिनेगीताशीं आणि हॉटेलांतल्या नाचाशीं. तबल्यावर माणिकराव पोपटकर. म्हणजे काश्मीरच्या सूफी बैठकींतलें एक वाद्य, गुराख्याचें एक आणि नाचघरांतलें एक; आणि तिघेहि वादक तिशीच्या उंबरठ्यावरचे. कंपनीचा मुख्य खप सिनेगीतांवर चाले. शास्त्रीय संगीताच्या तबकडीला जागा मिळे ती उस्तादांच्या नांवावर. त्या हिशेबानें पाहिलें तर ही तबकडी काढण्यास कोणतेंच व्यापारी कारण नव्हतें.

जोशी यांच्या निर्मितीचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत या तिघांना उस्तादांच्या परीक्षेस बसविलें नाहीं. काश्मिरांतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, एवढें कथासूत्र घेतलें. पहांटेस अहीरभैरव आणि त्यालाच जोडून नटभैरव, नंतर पिलू, संध्याकाळीं भूप, रात्रीं देस आणि शेवटीं पहाडी. सबंध तबकडी चाळीस मिनिटांच्या आंतली. अहीरभैरवाला बारा-साडेबारा मिनिटें मिळालीं, बाकीच्यांना सहासात. रागांच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळें दिवसाची गोष्ट सांगावयास निराळे शब्द लागले नाहींत. घड्याळाचा कांटा रागांनींच फिरविला. आणि संतुराचा जो दोष म्हणून पंडित दाखवीत होते, तो येथें गुण झाला. बांसरी आणि सरकत्या कांबीची गिटार यांच्या स्वरांत उतारच उतार. त्यांच्यामध्यें संतुराचे सुटे, टपटपणारे थेंब. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढावी अशी ही जुळणी आहे. स्वतंत्रपणें वाजलें असतें तर संतुराला मींडेचा जाब द्यावा लागला असता. येथें कोणी तो विचारलाच नाहीं.

ही युक्ति जोशी यांना सुचली कोठून, याचें उत्तर पुष्कळ अंशीं 'शीळ' च्या तबकडींत आहे असें मानण्यास जागा आहे. भावगीत म्हणजे तरी काय? ख्यालाची बढत बाजूस ठेवून, रागाचा सुवास तेवढा घेऊन, एका कवितेचा एक भाव तीन मिनिटांत पुरा करणें. तें करतांना 'हें शास्त्रीय नव्हे' हा आक्षेप जोशी यांनीं तेविसाव्या वर्षींच पचविला होता. मेहकरच्या कवीची रानांतली शीळ ज्यानें गळ्यांतून काढली, त्याला मेंढपाळाचा दिवस बांसरींतून काढणें फारसें परकें वाटलें नसावें. त्यांनीं 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्यें वाद्यांचें भावगीत केलें. फरक एवढाच कीं शब्द गाळले आणि तीन मिनिटांचीं चाळीस केलीं.

ह्या तबकडीवर शुद्धतावाद्यांचा राग होता आणि अजूनहि कांहींचा आहे. तो सर्वस्वीं चुकीचा म्हणतां येणार नाहीं. सात मिनिटांचा भूप हा भूपाचा परिचय झाला, भूप नव्हे. रागाला गोष्टीच्या दावणीस बांधलें कीं त्याची स्वतंत्र वाढ खुंटते, आणि गोष्ट एकदां लोकप्रिय झाली म्हणजे पुढच्या दहा तबकड्या तीच गोष्ट सांगूं लागतात. तसें पुढें पुष्कळ झालें; 'पहांटेचें', 'पावसाचें', 'ध्यानाचें' अशा चिठ्ठ्या लावलेलें पातळ संगीत बाजारांत फार आलें. त्याचा दोष मूळ तबकडीवर किती टाकावयाचा हें ज्याचें त्यानें ठरवावें. उलट पक्षीं हेंहि खरें कीं शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनीं पुढें आपापल्या वाद्यांवर तासतासभर एकेक राग मांडून मींडेचा जाब पुरा दिला, आणि तो ऐकावयास जे श्रोते जमले त्यांतले पुष्कळ मेंढपाळाच्या बोटाला धरून आलेले होते.

गायसबर्गच्या जपानांत, ओसाका शहरीं, १९७० सालीं जागतिक प्रदर्शन भरलें. आशियाखंडांतलें असें तें पहिलेंच. तेथें जाणत्या कानाच्या परीक्षेचा आणखी एक प्रसंग घडला. यूया उचिदा हा जपानी गायक तिकडच्या करमणुकीच्या धंद्यांत मुरलेला. १९६६ मध्यें बीटल्स टोकियोस आले तेव्हां त्यांच्यापूर्वीं रंगमंचावर येऊन गाणाऱ्यांत तो होता. पुढें इंग्लंडांत जाऊन तेथलें नवें 'हेवी रॉक' त्यानें ऐकलें. विजेच्या गिटारीचा आवाज यंत्रांतून मुद्दाम फुगवून खरखरीत करावयाचा, खर्जांतला एकच लहानसा स्वरबंध पुनःपुन्हां हाणीत राहावयाचें, ढोलांचा मारा त्याखालीं चालू ठेवावयाचा आणि गायकानें त्या गदारोळावर चढून तारस्वरांत ओरडावयाचें, अशी या संगीताची सामान्य ठेवण. पहिल्यांदा ऐकणाराला त्यांत गोंगाटापलीकडे कांहीं सांपडत नाहीं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या आवर्तनांत कांहींसें नगाऱ्याच्या घाईसारखें बळ जाणवूं लागतें. उचिदानें स्वतः गाणें सोडून निवडक तरुणांचा एक ताफा उभा केला, 'फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड'. गायक जो यामानाका, गिटारवादक हिदेकी इशिमा. १९७० च्या त्यांच्या 'एनीव्हेअर' या तबकडींत बहुतेक गाणीं परक्यांचीं, इंग्रजी ताफ्यांचीं होतीं.

ओसाकाच्या प्रदर्शनांत कॅनडाचा 'लाइटहाऊस' हा वाद्यवृंद आला होता. पॉल हॉफर्ट हा त्याच्या संस्थापकांपैकीं एक. ह्या मंडळींना जपानी ताफ्याचें वादन भावलें आणि त्यांनीं त्यास कॅनडास येण्याचें सुचविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस ताफा टोरांटोस गेला. १९७१ मध्यें त्यांची 'सातोरी' ही तबकडी निघाली. सातोरी म्हणजे झेन पंथांतला आत्मबोध. तबकडीचे पांच भाग, पांचांनाहि तेंच नांव. यावेळीं रचना सर्वस्वीं स्वतःच्या, आणि इशिमाच्या गिटारींत इंग्रजी ताफ्यांची नक्कल जाऊन पौर्वात्य स्वरावलि आलेली. १९७२ ची 'मेड इन जपान' ही तबकडी हॉफर्टच्याच निर्मितींत झाली. शब्द इंग्रजी, ढंग इंग्रजी, पण स्वरांची चाल निराळी, असें तें मिश्रण होतें. उत्तर अमेरिकेच्या बाजारानें त्याला जवळ केलें नाहीं. ताफा मायदेशीं परतला आणि १९७३ मध्यें मोडला.

येथें हॉफर्ट आणि जोशी यांच्यांतला फरक दिसून येतो. दोघांच्याहि कानांनीं बरोबर तेंच ऐकलें. परंतु जोशी यांच्यामागें त्यांची कंपनी होती, तिचा कारखाना होता, गांवोगांवचे विक्रेते होते आणि रागांच्या वेळा न शिकवितां ओळखणारा श्रोता होता. हॉफर्टजवळ आपला कान आणि आपली शिफारस एवढेंच होतें. 'सातोरी' चें मोल पुढें वीसपंचवीस वर्षांनीं जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या हौशी लोकांनीं ओळखलें. आज जपानी रॉक संगीताच्या इतिहासांत ती अग्रभागीं मोजली जाते. तबकडी होती म्हणून ती त्यांना सांपडली. भास्करबुवांच्या गाण्याच्या बाबतींत कोणत्याहि हौशी माणसाला ती सोय नाहीं.

अशा प्रसंगांना 'शोध लावला' असें म्हणण्याची चाल आहे, ती जरा सांभाळूनच वापरावी. संतूर काश्मिरांत शतकानुशतकें वाजत होतें. तेथल्या कलावंतांना तें सांपडवून देण्याची आवश्यकता नव्हती. ओसाकाचा ताफाहि हॉफर्ट येण्यापूर्वीं टोकियोंत गाजत होता. कंपनीच्या माणसानें केलें तें एवढेंच कीं, एका ठिकाणचें दुसऱ्या ठिकाणीं नेलें, आणि नेतांना त्याला बसावयास योग्य अशी जागा शोधली. शोध लागला असेल तर त्या जागेचा.

हिदेकी इशिमा यांनीं २००० सालच्या सुमारास सतार आणि विजेची गिटार यांच्या मिश्रणानें 'सितारला' नांवाचें एक वाद्य बनविलें. २००८ मध्यें त्यांचा ताफा पुन्हां एकत्र आला तेव्हां ते गिटार बाजूस ठेवून तेंच वाजवूं लागले. यामानाका २०११ मध्यें आणि उचिदा २०१९ मध्यें वारले. जी. एन. जोशी १९९४ मध्यें आणि ब्रिजभूषण काब्रा २०१८ मध्यें गेले. शिवकुमार शर्मा यांचें मुंबईस १० मे २०२२ रोजीं देहावसान झालें. त्यांचें वाद्य पुढें चालविणाऱ्या शिष्यांत त्यांचे चिरंजीव राहुल शर्मा आहेत, तसे जपानहून येऊन त्यांच्यापाशीं संतूर शिकलेले ताकाहिरो अराई हेहि आहेत.